परदेशी कीड शिवारात येण्याआधी : जालना जिल्ह्यातील झाडांसाठी गावाची तयारी

आक्रमक परदेशी कीड म्हणजे मूळ घर दुसऱ्या खंडात असलेली आणि आपले नैसर्गिक शत्रू तिकडेच सोडून इथे पोचलेली कीड. तिच्या मूळ मुलखात तिला खाणारे भुंगे असतात, तिच्या अंगात अंडी घालणारे सूक्ष्म परोपजीवी कीटक असतात, तिला लागणाऱ्या बुरश्या असतात, म्हणून तिथे ती कुणाच्या नजरेत भरत नाही. नव्या मुलखात तिला आवरणारे कुणीच नसते. देशी किडीचे वेळापत्रक शेतकऱ्याला पाठ असते. मोसंबीवरची कोळशी केव्हा वाढते, सिट्रस सिला कोणत्या नवतीवर येते, साल खाणारी अळी कोणत्या बेचक्यात जाळी करते, हे जालन्यातील कुठलाही जुना बागायतदार सांगतो. परदेशी किडीबद्दल असे पिढीजात ज्ञान नसते. ती आल्यावर शिकायला बसले तर निम्मी बाग हातची गेलेली असते. ही तयारी ती येण्याआधी करायची असते आणि ती एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाही. पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण गट क्रमांक पाहून थांबत नाही. बांधाच्या अलीकडे कितीही काटेकोर काळजी घेतली आणि पलीकडे काहीच झाले नाही, तर दोन्ही बागा सारख्याच जातात.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः मोसंबी आणि तुती या दोन झाडांशी बांधलेला आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांत हजारो घरांचा वर्षाचा मेळ तिच्या बहारावर बसतो. तुती त्या मानाने नवी. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली आणि त्याआधी कोष घेऊन कर्नाटकातील रामनगरपर्यंत जाणाऱ्या शेतकऱ्यांना घराजवळ बाजार मिळाला. यांच्या जोडीला पपई, पेरू, सीताफळ, बांधावरचा कडुनिंब, शेवगा आणि अंगणातली जास्वंद येतात. जास्वंदीला कुणी पीक म्हणणार नाही, पण किडीच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. त्याचे कारण पुढे येईल.

आधीचे दोन अनुभव

महाराष्ट्राने झाडावरची परदेशी कीड आधीही पाहिली आहे. उरुळी कांचनच्या ‘बायफ’ या संस्थेने तिचे संस्थापक मणिभाई देसाई यांच्या पुढाकाराने सुबाभळीचा मोठा प्रसार केला. चारा, सरपण, नत्र असे सगळे एकाच झाडातून मिळत असल्याने ती सलग लावली गेली. सुबाभूळ मूळची मध्य अमेरिकेतली. तिच्यावरचा तुडतुड्यासारखा बारीक सिला कीटक १९८४ मध्ये हवाई बेटांवर दिसला, तिथून फिलिपाइन्स व इंडोनेशियामार्गे पुढे सरकला आणि १९८८ मध्ये भारतात पोचला. अर्धा प्रशांत महासागर आणि आग्नेय आशिया ओलांडायला त्याला चार वर्षे पुरली. कोवळे शेंडे करपले, चारा घटला. पुढे त्याला खाणारा एक निळसर ढालकिडा बाहेरून आणून सोडावा लागला. एकाच जातीचे झाड सलग आणि सगळीकडे असले की किडीला शोधाशोध करावी लागत नाही, हा त्यातला धडा होता. तो फारसा लक्षात ठेवला गेला नाही.

दुसरा अनुभव पपईवरच्या पिठ्या ढेकणाचा. गावाने काय करावे आणि काय टाळावे, हे दोन्ही त्यात स्पष्ट दिसते, म्हणून तो नीट पाहण्यासारखा आहे. ही कीड मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतली. भारतात ती २००८ मध्ये कोईमतूरला सापडली आणि दोन वर्षांत पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद, एरंडवर्गीय झाडे यांवर पसरली. महाराष्ट्रात पुण्याच्या बाजूला २०१० च्या सुमारास ती पपईच्या बागांत दिसू लागली. तिच्या अंगावर मेणाचा पांढरा थर असतो, अंडी कापसासारख्या पिशवीत असतात. फवारा अंगावर पडला तरी मेणातून आत जात नाही. शेतकऱ्यांनी एकामागून एक औषधे मारली. खर्च वाढला, कीड थोडी दबून पुन्हा वर आली. तुतीवर तर औषध मारणेच अवघड, कारण तोच पाला रेशीम अळीला घालायचा असतो.

शेवटी बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने, जिला आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणतात, जुलै २०१० मध्ये पोर्टो रिकोतून तीन जातींचे परोपजीवी कीटक आणले. त्यांपैकी ‘अ‍ॅसेरोफॅगस पपायी’ हा एक मिलिमीटरहून लहान, पिवळसर कीटक सर्वांत उपयोगी ठरला. त्याची मादी पिठ्या ढेकणाच्या पिल्लात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते आणि मागे फक्त कडक, पोकळ कवच उरते. चाचण्यांनंतर त्याच वर्षाच्या अखेरीस तो शेतांत सोडायला सुरुवात झाली, आणि जिथे तो स्थिरावला तिथे काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. जिथे फवारणी चालूच राहिली तिथे मात्र औषधाने आधी हा रक्षकच मेला.

या दोन वर्षांत गावांच्या हाती काय होते? किडीचा शत्रू परदेशातून आणणे हे गावाचे काम नव्हते आणि नाही. पण कीड लवकर ओळखणे, ती पुढे न नेणे, वरच्या यंत्रणेला वेळेत कळवणे आणि मदत येईपर्यंत शिवारातले मित्रकीटक जिवंत ठेवणे, हे चारही गावाच्या हातात होते.

मोसंबीवरचा पुढचा पाहुणा

आज मोसंबीच्या बाबतीत नजर ठेवण्यासारखी कीड म्हणजे लोकरी पांढरी माशी. ही अमेरिकेच्या उष्ण भागातली कीड जगभर लिंबूवर्गीय झाडांची शत्रू म्हणून ओळखली जाते. कॅलिफोर्नियात ती १९६६ मध्ये सान दिएगो भागात शिरली. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत तिच्यावर परोपजीवी कीटक सोडूनच नियंत्रण मिळवावे लागले. भारतात ती २०१९ मध्ये केरळात कोझिकोडला पेरूच्या झाडांवर प्रथम आढळली आणि त्यानंतर दक्षिणेतल्या इतर राज्यांत पसरली. पेरू आणि मोसंबी ही दोन्ही तिची आवडती झाडे आहेत आणि जालन्यात ती अनेकदा एकाच शेतात असतात.

तिची ओळख कोळशीच्या तुलनेत करून द्यावी, म्हणजे बागायतदाराच्या चटकन ध्यानात राहते. कोळशीची, म्हणजे काळ्या माशीची, पिल्ले काळी, चकचकीत आणि काटेरी असतात. लोकरी माशीची पिल्ले पांढऱ्या, विस्कटलेल्या लोकरीखाली झाकलेली असतात. पानाची मागची बाजू मळक्या कापसाने माखल्यासारखी दिसते आणि त्यात मधासारखे चिकट थेंब अडकलेले असतात. कोवळ्या नवतीपेक्षा ती जून पानांवर जास्त असते. अंडी पुष्कळदा वर्तुळात किंवा कमानीत घातलेली असतात. प्रौढ माशी पिवळसर पांढरी आणि सुस्त असते, पान हलवले तरी लगेच उडत नाही. पिठ्या ढेकणाशी गल्लत होऊ नये म्हणून एक सोपी परीक्षा आहे. काडीने लोकर बाजूला करावी. आतला जीव लांबट असून पाय हलवून सरकू लागला तर तो पिठ्या ढेकूण. पानाला चपटा चिकटून जागचा हलत नसेल तर ते पांढऱ्या माशीचे पिल्लू.

दोन्हींच्या शरीरातून गोड चिकटा झरतो, त्यावर काळी बुरशी चढते, पानांचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते आणि फळ काळवंडते. बाजारात अशा मालाचा भाव पहिल्या नजरेतच पडतो.

येथे एक परदेशी उदाहरण मुद्दाम देण्यासारखे आहे. जालन्याला जुनी असलेली सिट्रस सिला अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याला परकी होती. ती तिथे १९९८ मध्ये सापडली. तिच्यामार्फत पसरणारा ग्रीनिंग रोग २००५ मध्ये दिसला. मधल्या सात वर्षांत ही सिला रोपवाटिकांतून विकल्या जाणाऱ्या कुंतीच्या कुंड्यांवर बसून राज्यभर पोचली होती. आज तिथले संत्र्याचे उत्पादन वीस वर्षांपूर्वीच्या एक दशांशाहूनही कमी झाले आहे. कुंती शोभेचे झाड, तिला कीड तपासणीच्या यादीत कोण धरतो? पण ती आणि कढीपत्ता दोन्ही मोसंबीच्याच कुळातली आहेत.

कीड येते कशी

वाऱ्याने किडी येतातच. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला नोंदली गेली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात पोचली. पण त्या अळीचा पतंग रात्रीत लांबचा पल्ला उडतो. पिठ्या ढेकणाच्या मादीला पंख नसतात, आणि पांढरी माशी दुबळी उडते. झाडावरच्या अशा किडींचा लांबचा प्रवास माणसाच्या वाहनातून होतो, आणि त्या वाहनात बहुतेक वेळा रोपे असतात.

जालन्यात रोपांची ये-जा लाटेसारखी होते. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. टँकरने पाणी घालूनही झाडे वाचली नाहीत, आणि कुऱ्हाड चालवताना माणसे रडली. त्यानंतरची पुनर्लागवड, फळबाग योजनांचे अनुदान, २०१९ मधली राज्याची ३३ कोटी वृक्षलागवड, अशा प्रत्येक लाटेत थोड्या दिवसांत फार रोपे लागतात. मागणी वाढली की रोपे दूरवरून येतात, आणि घाईत पानाची मागची बाजू कुणी पाहत नाही. आंध्र प्रदेशातील कडियमसारख्या मोठ्या रोपवाटिका-पट्ट्यातून देशभर शोभेची व फळझाडांची रोपे जातात. आठवडी बाजारात टेम्पोतून विकल्या जाणाऱ्या कलमांचा तर मूळ पत्ताच सांगता येत नाही.

म्हणून गावाच्या तयारीची सुरुवात रोपांपासून करावी. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा नियमन कायदा आहे आणि परवान्याशिवाय फळरोपे विकता येत नाहीत. परवाना क्रमांक असलेली पावती मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. तो बजावावा, कारण कीड आली तर माग काढायला तेवढा एकच धागा हाती असतो. एका गावातल्या पाच-सात जणांनी मिळून एकाच रोपवाटिकेतून रोपे घ्यावीत आणि त्यांतल्या दोघांनी आधी जाऊन ती पाहावीत. मोसंबीसाठी बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकांची चौकशी आधी करावी. रोपवाटिकेत नुसत्या कलमांवर नजर टाकून भागत नाही. तिथली जास्वंद, पेरू, क्रोटन, कढीपत्ता यांची पाने उलटून पाहावीत. शेजारच्या कुंडीत कीड असेल तर कलमावरही तिची अंडी असू शकतात.

रोपे गावात आली की थेट खड्ड्यात जाऊ नयेत. बागेपासून दूर, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या अंगाला एक जागा ठरवावी आणि तिथे ती चार आठवडे वेगळी ठेवावीत. चार आठवड्यांमागे कारण आहे. उन्हाळी हवामानात या किडींची एक पिढी साधारण महिन्यात पूर्ण होते. आणताना नजरेतून सुटलेली अंडी तेवढ्या काळात डोळ्यांना दिसतील अशी होतात. जुलैत लागवड करायची तर रोपे जूनच्या सुरुवातीला आणावीत. पाणी घालायला जाणाऱ्याने आठवड्यातून एकदा पाने उलटावीत आणि त्या जागेतून निघून सरळ बागेत जाऊ नये. हा महिना अनेकांना जड जातो, पाऊस निसटेल असे वाटते. पण या लेखातली एकच सूचना कुणी पाळणार असेल, तर त्याने हीच पाळावी.

तुतीच्या बेण्याचेही तेच. व्ही-१ ही म्हैसूरच्या संस्थेची जात आणि बेणे पुष्कळदा कर्नाटकाच्या बाजूने येते. कांड्या डोळ्याजवळ खरवडून पाहाव्यात, पांढरे काही दिसले तर तो भारा घेऊ नये. मोसंबीचे क्रेट बाजारातून परत आले की धुऊन उन्हात टाकावेत, आणि फळांसोबत पाने-डहाळ्या पाठवू वा आणू नयेत.

एक वाट जालना शहराची आहे. इथल्या पोलाद कारखान्यांचे भंगार आणि यंत्रसामग्री कंटेनरने येते, समृद्धी महामार्गाने वाहतूक वाढली आहे. मालासोबतच्या लाकडी पेट्या आणि पॅलेटमधून खोड पोखरणारे भुंगे जगभर गेले आहेत. अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेला पाचूरंगी भुंगा असाच आला असे मानतात. त्याने तिथली अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडे मारली. आंतरराष्ट्रीय नियमानुसार परदेशी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे आणि प्रक्रियेची खूण असते. शिक्का नसलेले, साल चिकटलेले किंवा बारीक भुसा गळणारे लाकूड सरपणासाठी गावात आणू नये.

गावाची नोंदवही आणि पाहणारे डोळे

कोणती झाडे कुठे आहेत हे माहीत नसेल तर कीड कुठे शोधायची हेही कळत नाही. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. अनेक ठिकाणी ती कपाटात पडून आहे. तिच्यातच झाडांच्या नोंदीसाठी पाने वाढवावीत. मोसंबी, तुती, पपई, पेरू यांचे गट क्रमांक, लागवडीचे वर्ष, रोपे आणल्याचे ठिकाण, आणि गावठाणातली मोठी झाडे एवढे लिहिले तरी पुरते. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांकडून हे काम दोन रविवारांत होते आणि मुलांना गावची झाडे कळतात.

नंतर टेहळणीची झाडे ठरवावीत. बसथांबा, रोपे उतरवण्याची जागा, फळांचे संकलन केंद्र, कोष गोळा करण्याचे ठिकाण, शाळेचे अंगण, अशा ठिकाणची जास्वंद, पपई आणि पेरू ही झाडे परदेशी पिठ्या ढेकूण व पांढऱ्या माश्यांना बहुधा सर्वांत आधी लागतात. जास्वंदीचे महत्त्व ते हेच. अशी दहा-बारा झाडे पंधरा दिवसांतून एकदा आणि फेब्रुवारी ते जून या कोरड्या, उष्ण काळात दर आठवड्याला पाहावीत. मोसंबीच्या बागेत दहा झाडे निवडून प्रत्येकाची चारही दिशांची जून पाने उलटावीत. वरून काही दिसत नसले तरी तीन खुणा फसवत नाहीत : खोडावरून वर जाणारी मुंग्यांची सलग रांग, झाडाखालच्या गवताला आलेला चिकटपणा, आणि पानावर चढणारी काजळी. चिकट्याच्या आशेने मुंग्या किडीची राखण करतात आणि तिचे शत्रू हाकलतात. मुंग्यांची रांग दिसली की ती कुठे संपते ते पाहावे.

हे पाहणार कोण, याचे उत्तर गावात बहुतेक वेळा चुकते. प्रशिक्षणाला बागमालक जातो. पण पानाला हात लागतो तो फळ तोडणाऱ्या, निंदणी करणाऱ्या आणि तुतीचा पाला कापणाऱ्या बायकांचा, आणि छाटणीच्या टोळीचा. पहिली कीड त्यांनाच दिसते, फक्त ती वेगळी आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. बचत गटाच्या बैठकीत लोकरी माशी, पिठ्या ढेकूण आणि कोळशी यांची रंगीत छायाचित्रे हातोहात फिरवावीत. एक हातभिंग प्रत्येक गटाला द्यावे, त्याची किंमत एका फवारणीहून कितीतरी कमी असते. ज्या मजुराच्या नजरेस कीड आधी पडली त्याचे नाव ग्रामसभेत सन्मानाने घ्यावे.

कळवण्याची साखळी आधीच लिहून चावडीवर लावावी. आधी गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), मग तालुका कृषी अधिकारी. सोबत खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र, मोसंबीसाठी बदनापूरचे संशोधन केंद्र, तुतीसाठी जिल्हा रेशीम कार्यालय. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मराठीत उत्तर देतो. फळपिकांवरील कीड-रोग सर्वेक्षणाचा राज्याचा ‘हॉर्टसॅप’ प्रकल्प मोसंबीसाठीही आहे. त्याच्या निरीक्षणासाठी निवडलेली बाग गावात असेल तर तिची निरीक्षणे मागून घ्यावीत.

संशयित कीड सापडल्यावर

पहिल्या दिवशी औषध मारू नये. ही सूचना शेतकऱ्याच्या स्वभावाविरुद्ध जाते, पण औषधाने अर्धवट मेलेल्या किडीची ओळख पटत नाही आणि ओळखीशिवाय पुढचे सगळे अंदाजावर चालते. आधी छायाचित्रे काढावीत : पूर्ण झाड, फांदी, पानाची मागची बाजू, आणि शेजारी नाणे ठेवून जवळून. झाडाला लांबून दिसेल अशी चिंधी बांधावी. शक्य असेल तर तज्ज्ञाला बागेत बोलवावे, कारण जिवंत कीड पिशवीत घालून तालुक्याला नेणे म्हणजे तिला फुकट प्रवास घडवणे. नमुना पाठवायचाच असेल तर पिठ्या ढेकूण सत्तर टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत बुडवून पाठवावेत. पांढऱ्या माशीची जात तिच्या कोषावरून ओळखतात, म्हणून कोष असलेली पाने कागदाच्या लिफाफ्यात वाळवून, तो लिफाफा बंद पिशवीत घालून द्यावीत. लिफाफ्यावर तारीख, गाव, गट क्रमांक, झाड, आणि रोपे कुठून आणली होती ते लिहावे.

मग सभोवतालच्या झाडांची मोजणी करावी. लागण एक-दोन झाडांपुरती असेल तर किडलेल्या फांद्या जागच्या जागी कापून जाड पिशवीत भराव्यात, तोंड बांधून उन्हात ठेवाव्यात आणि नंतर खोल पुराव्यात. फांद्या ओढत बांधापर्यंत नेऊ नयेत, गाडीतून गावाबाहेर टाकू नयेत, आणि शेळ्यांना तर मुळीच घालू नयेत. उरलेल्या झाडावर जोरदार पाण्याचा फवारा आणि साबणाचे सौम्य द्रावण पानांच्या मागून मारावे. खोडाला चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट तोडावी. फांद्या जमिनीला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असतील तर आधी त्या उचलून छाटाव्यात, नाहीतर पट्टीला अर्थ उरत नाही. बांधावरचे गाजरगवत आणि पेटारी काढावी. पपईवरचा पिठ्या ढेकूण या तणांवर सुखाने राहतो आणि पीक नसताना दिवस काढतो. किडक्या बागेतले काम दिवसाच्या शेवटी घ्यावे आणि त्या कपड्यांनी दुसऱ्या बागेत जाऊ नये.

कीड लपवण्याची प्रवृत्ती या सगळ्यावर पाणी फिरवते. व्यापारी भाव पाडतील, शेजारी बोल लावतील, या भीतीने माणूस गप्प बसतो, आणि त्याची भीती खोटीही नसते. म्हणून ग्रामसभेने आधीच ठराव करावा की कीड कळवणाऱ्याला दोष दिला जाणार नाही, आणि शिवारासाठी एखाद्याचे झाड काढावे लागले तर बदली रोपाचा खर्च गाव वाटून घेईल. चार झाडांचा खर्च साऱ्या गावावर पसरला तर कुणालाच जड होत नाही. तो एकट्यावर पडणार असेल तर पुढच्या वेळी कुणी कळवणार नाही.

फवारणीचा संयम

रुजलेल्या परदेशी किडीवर टिकाऊ उपाय बहुतेक वेळा तिचा जुना शत्रूच असतो. मोसंबीवर्गाच्या बागांनी हे फार पूर्वी पाहिले आहे. ऑस्ट्रेलियातून गेलेल्या कापशी खवले किडीने कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागा मोडीत काढल्या होत्या. १८८८-८९ मध्ये तिच्या मूळ देशातून आणलेल्या लाल-काळ्या ढालकिड्याने दीडेक वर्षात त्या वाचवल्या. हीच खवले कीड नंतर निलगिरीत आली तेव्हा इथेही तोच ढालकिडा कामी आला.

म्हणून शिवारातले मित्रकीटक ओळखणे ही तयारीचीच बाब आहे, आणि यात एक चूक नेहमी होते. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलीमस भुंग्याची अळी स्वतः पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांनी झाकलेली असते आणि मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते. ती जास्त लांब, केसाळ असते आणि चपळ चालते. ढेकूण समजून तिलाच चिरडले जाते. तपकिरी, फुगलेली, एका टोकाला गोल छिद्र पडलेली कवचे दिसली तर परोपजीवी कीटक कामाला लागले आहेत असे समजावे आणि त्या फांद्या कापू नयेत.

फवारावे लागलेच तर पाच टक्के निंबोळी अर्कापासून सुरुवात करावी. रासायनिक औषध त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी शिफारस असलेलेच, कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने आणि फक्त लागण झालेल्या झाडांवर वापरावे. दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची सवय इथे सर्वाधिक घात करते. कीड मेणाखाली वाचते आणि उघड्यावरचे मित्रकीटक मरतात. तुती शेजारी असेल तर गावाने एक शिस्त पाळावी. मोसंबी, कापूस किंवा भाजीवर फवारणी करण्याच्या दोन दिवस आधी रेशीम उत्पादकाला सांगावे, वारा तुतीकडे असताना फवारू नये, आणि ब्युव्हेरिया ही जैविक म्हणून निर्धास्त वापरली जाणारी बुरशीही संगोपनगृहाच्या जवळ मारू नये. तिने रेशीम अळ्यांना पांढऱ्या बुरशीचा रोग होतो आणि चौथ्या-पाचव्या अवस्थेतली पूर्ण बॅच जाऊ शकते. रेशीम उत्पादकानेही आपल्या बॅचच्या तारखा शेजाऱ्यांना कळवाव्यात. फोनवरच्या एका निरोपाने ही हानी टळते.

पुढची लागवड

ताण सहन केलेले, मुळे कुजलेले, डिंक्या झालेले झाड किडीला लवकर बळी पडते. बहारासाठी दिलेला ताण अति लांबवू नये, शेणखत व पाण्याचा निचरा सांभाळावा, पावसाळ्यापूर्वी खोडाला बोर्डो पेस्ट लावावी, वाळलेली सल काढून बाग मोकळी ठेवावी. पांढऱ्या माशीला दाट, हवा न खेळणारी बाग मानवते.

बांधावर आणि रस्त्याकडेला एकाच जातीची रांग लावण्याचा मोह टाळावा. ग्रामपंचायतीने रोपे मागवताना कडुनिंब, करंज, चिंच, वड, बोर, शिरीष, आपटा अशी मिसळ मागावी आणि रोपे शक्यतो तालुक्यातल्याच बियांपासून गावच्या रोपवाटिकेत तयार करावीत. जे रोप लांबचा प्रवास करत नाही त्याच्यासोबत परदेशी कीडही येत नाही. मोसंबीच्या बागेतही कडेने शेवगा, हादगा, झेंडू, तूर यांसारखी फुलणारी झाडे-पिके असली तर परोपजीवी कीटकांना मध आणि आसरा मिळतो.

लागण झालेल्या बागेतली कीड दिसेनाशी झाल्यावरही पुढचा पूर्ण उन्हाळा पाहणी चालू ठेवावी. अंड्यांच्या पिशव्या सालीच्या भेगांत, काढून टाकलेल्या ठिबकच्या नळ्यांत आणि क्रेटच्या कोपऱ्यांत राहून जातात. सलग दोन उन्हाळे त्या गटात आणि भोवतालच्या बागांत काही आढळले नाही, तरच नोंदवहीत त्या गट क्रमांकासमोर कीड संपल्याची नोंद करावी, आणि झाडाला बांधलेली चिंधी तेव्हाच सोडावी.